तेल, पाणी आणि डॉ. भटनागर

विद्यार्थी मित्रांनो, काचेची एक रिकामी बाटली घ्या. ती पाण्याने अर्धी भरा आणि वर दोन चमचे सरकीचे किंवा जवसाचे तेल ओता. झाकण लावून बाटली जोरात हलवा. तेल आणि पाणी एक झाले, असे तुम्हांला क्षणभर वाटेल. पण बाटली टेबलावर ठेवली, की थोड्याच वेळात तेल वर येते आणि पाणी खाली राहते. दोघांच्या मध्ये एक स्पष्ट रेषा दिसते. ही तेलाची आणि पाण्याची सरहद्द होय. आता त्याच बाटलीत थोडे साबणाचे पाणी घाला आणि ती पुन्हा हलवा. या वेळी दुधासारखे पांढरट मिश्रण तयार होईल आणि ते बराच वेळ तसेच राहील.

साबणाने असे काय केले? तो पाण्यात गेला, की तेलात? खरे म्हणजे तो त्या दोघांच्या सरहद्दीवर जाऊन बसला. तिथे तो कसा बसतो, किती दाट बसतो आणि त्यामुळे काय घडते, या प्रश्नांचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी पंजाबमधील एका तरुणाने लंडनमध्ये केला. हा तरुण उर्दूत कविता आणि नाटके लिहीत असे. पुढे त्याने आपल्या देशात मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. त्याचे नाव शांतिस्वरूप भटनागर.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी शाहपूर जिल्ह्यातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील परमेश्वरी सहाय हे शिक्षक होते. शांतिस्वरूप अवघे आठ महिन्यांचे असताना वडील वारले. घरात कमावणारे कोणी उरले नाही. आई आपल्या लेकराला घेऊन माहेरी, म्हणजे उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबाद या गावी आली. शांतिस्वरूप यांचे बालपण आजोळी गेले.

हे आजोळ मोठे गमतीचे होते. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरात नाना प्रकारची अवजारे असत. छोटा शांतिस्वरूप त्यांच्याशी खेळे, यंत्रांची खेळणी बनवी आणि विजेच्या बॅटऱ्या तयार करी. याच घराण्यात मुन्शी हरगोपाल तफ्ता हे शायर होऊन गेले होते. उर्दूच्या तासाला तुम्ही मिर्झा गालिब यांच्या पत्रांविषयी ऐकले असेल. गालिब यांनी ज्यांना पुष्कळ पत्रे लिहिली, ते त्यांचे आवडते शागीर्द तफ्ता ते हेच. अशा रीतीने एकाच घरातून या मुलाला दोन गोष्टी मिळाल्या. एक यंत्रांची आवड आणि दुसरी शब्दांची आवड. त्याने आयुष्यभर दोन्ही जपल्या.

१९०८ साली शांतिस्वरूप लाहोरला शिकायला गेले. त्यांच्या वडिलांचे मित्र रघुनाथ सहाय हे तेथील दयालसिंग हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्यांनी या पोरक्या मुलाची काळजी घेतली. शाळेत असतानाच शांतिस्वरूप यांनी घरगुती प्रयोग करून पाहिले. बॅटरीत कार्बनच्या कांड्या लागतात. साखर कारखान्यातील मळी आणि कोळशासारखे पदार्थ घेऊन, दाब आणि उष्णता देऊन तशा कांड्या करता येतात, हे त्यांनी दाखवले. त्याविषयीचे त्यांचे पत्र १९११ साली अलाहाबादच्या ‘लीडर’ या वृत्तपत्रात छापून आले. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते.

त्याच वर्षी ते दयालसिंग कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी ‘करामाती’ नावाचे एकांकी नाटक उर्दूत लिहिले. १९१२ सालचे उत्तम नाटक म्हणून त्याला कॉलेजच्या नाट्यमंडळाचे बक्षीस मिळाले. पुढे फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून ते १९१६ साली बी. एस्सी. आणि १९१९ साली एम. एस्सी. झाले. मध्यंतरी १९१५ साली रघुनाथ सहाय यांची कन्या लाजवंती यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दयालसिंग कॉलेजच्या विश्वस्तांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यांना जायचे होते अमेरिकेला, इंग्लंडमार्गे. पण पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिकेचे सैनिक मायदेशी परतत होते आणि सगळी जहाजे त्यांनी भरलेली होती. भटनागर यांना तिकीट मिळेना. दुसरा एखादा तरुण निराश झाला असता. भटनागर यांनी लंडनमध्येच राहून शिकायचे ठरवले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्रेडरिक डोनान हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली भटनागर काम करू लागले. विषय होता तेल, पाणी आणि साबण.

आता आपण हा विषय थोडा समजून घेऊ.

साबणाचा रेणू लांबट असतो. त्याला डोके आणि शेपटी आहे असे समजा. डोक्याला पाणी आवडते. शेपटीला पाणी आवडत नाही, तिला तेल आवडते. असा रेणू पाण्यात एकटा फिरू लागला, तर त्याची शेपटी अवघडते. म्हणून तो पृष्ठभागाकडे धाव घेतो. तेथे डोके पाण्यात आणि शेपटी पाण्याबाहेर ठेवून तो उभा राहतो. पाण्यावर तेल असेल, तर शेपटी तेलात जाते. असे असंख्य रेणू शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेप्रमाणे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांचा थर एकाच रेणूएवढा जाड असतो. एका मिलिमीटरचे चार लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी त्याची जाडी असते. अशा पदार्थांना पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो. या गुणाला पृष्ठताण म्हणतात. साबणाचे रेणू सरहद्दीवर येऊन बसले, की हा ताण कमी होतो. मग तेलाचे बारीक थेंब होणे सोपे जाते. प्रत्येक थेंबाभोवती साबणाच्या रेणूंचे कुंपण तयार होते. त्यामुळे दोन थेंब जवळ आले, तरी ते चटकन एकमेकांत मिसळत नाहीत. कपड्यावरचा तेलकट मळ साबणाने निघतो, त्यामागे हेच कारण आहे. करोना विषाणूच्या बाहेरच्या आवरणात चरबीसारख्या रेणूंचा थर असतो. साबण त्या थरात घुसून तो फोडतो. २०२० साली सर्वांना साबणाने हात धुण्यास सांगत होते, ते याचसाठी.

हे ज्ञान एका दिवसात किंवा एका माणसाला मिळाले नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल टाकले. तेल दूरवर पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हा प्रयोग १७७४ साली प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स नावाची एक मुलगी होऊन गेली. त्या काळी तेथील विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. ती घरी राहून आईवडिलांची सेवा करी. स्वयंपाकघरातील साध्या सामानाने तिने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजला. तिने आपले निष्कर्ष इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. त्यांनी ते १८९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले. १९१७ साली अमेरिकेचे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी हे रेणू एकाच थरात, एकाच बाजूला तोंड करून उभे असतात, हे दाखवून दिले. भटनागर लंडनला पोहोचले, तेव्हा ही गोष्ट अगदी ताजी होती.

तेल आणि पाणी यांचे असे मिश्रण दोन प्रकारचे असते. एका प्रकारात पाण्यात तेलाचे थेंब असतात. दुसऱ्यात तेलात पाण्याचे थेंब असतात. दूध हे पहिल्या प्रकारचे उदाहरण आहे आणि लोणी हे दुसऱ्या प्रकारचे. तुमची आई मलई घुसळून लोणी काढते, तेव्हा आतला पदार्थ बाहेर आणि बाहेरचा आत जातो. पण डोळ्यांनी पाहून हा बदल नेमका केव्हा झाला हे कसे ओळखणार? भटनागर यांनी त्यासाठी विजेचा उपयोग केला. मिश्रणात बाहेरच्या बाजूला पाणी असेल, तर त्यातून वीज वाहते. बाहेर तेल असेल, तर वीज जवळजवळ वाहत नाही. म्हणजे विजेचा प्रवाह थांबला, की मिश्रण उलटले असे समजायचे. पाहा, किती सोपी आणि नेमकी युक्ती!

हे मिश्रण उलटते कशाने? साध्या साबणात सोडियम हा धातू असतो. हा साबण पाण्यात विरघळतो. त्याच्यामुळे पाण्यात तेलाचे थेंब टिकतात. सोडियमच्या जागी कॅल्शियम आला, तर धातूच्या एका अणूला दोन शेपट्या जोडल्या जातात. असा साबण पाण्यात विरघळत नाही. त्याचा ओढा तेलाकडे असतो आणि तो तेलात पाण्याचे थेंब धरून ठेवतो. विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि पांढरा चोथा तयार होतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो चोथा म्हणजे कॅल्शियमचा आणि मॅग्नेशियमचा साबण. असे साबण तेलात किती विरघळतात आणि त्यामुळे तेलाच्या पृष्ठताणावर काय परिणाम होतो, यावर भटनागर यांनी प्रबंध लिहिला. १९२१ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

त्याच वर्षी ते भारतात परतले. प्रथम तीन वर्षे ते बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक होते. त्या विद्यापीठाचे कुलगीत त्यांनीच हिंदीत लिहिले. आजही ते तेथे गायले जाते. १९२४ साली ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आले आणि तेथील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. तेथे त्यांनी सोळा वर्षे काम केले. के. एन. माथुर यांच्या साहाय्याने त्यांनी १९२८ साली पदार्थांचे चुंबकीय गुण मोजणारे एक नाजूक उपकरण तयार केले. लंडनच्या एका प्रसिद्ध कंपनीने ते बनवून विकायला आणले.

लाहोरमध्ये असतानाच त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न आला. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी जमिनीतून खनिज तेल काढत असे. विहीर खोदताना छिद्रात पातळ चिखल सोडावा लागतो. तो छिद्राच्या बाजू ढासळू देत नाही आणि खालचा चुरा वर आणतो. पण जमिनीतल्या खाऱ्या पाण्याशी गाठ पडली, की हा चिखल घट्ट होऊन बसे. मग खोदकाम बंद पडे आणि कंपनीचे फार नुकसान होई.

भटनागर यांनी या चिखलाकडे एखाद्या कारागिरासारखे नव्हे, तर रसायनशास्त्रज्ञासारखे पाहिले. चिखल म्हणजे पाण्यात तरंगणारे मातीचे अतिसूक्ष्म कण. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून चिखल पातळ राहतो. मीठ आले, की हे ढकलणे कमी होते आणि कण एकमेकांना चिकटतात. म्हणजे येथेही प्रश्न सरहद्दीचाच होता. फरक इतकाच, की ही सरहद्द माती आणि पाणी यांच्यामधली होती. त्यांनी चिखलात आपल्याकडे मिळणारा एक डिंक मिसळला. डिंकाचे लांब रेणू मातीच्या कणांवर जाऊन बसले आणि त्यांचे कुंपण झाले. आता खारे पाणी आले, तरी चिखल पातळच राहिला. ज्या कामासाठी मोठी यंत्रे थकली होती, ते काम झाडाच्या डिंकाने केले.

कंपनी खूष झाली. तिच्या लंडनच्या मालकांनी, म्हणजे स्टील ब्रदर्स यांनी, भटनागर यांना खनिज तेलावरील संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी दीड लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा विचार करा. भटनागर यांचे बालपण दुसऱ्यांच्या आधारावर गेले होते. शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले होते. त्यांच्या घरी बायकामुले होती. या पैशातून स्वतःसाठी काही घेतले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी ही सगळी रक्कम विद्यापीठाकडे देण्यास सांगितले. त्या पैशातून पंजाब विद्यापीठात खनिज तेलाच्या संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि तरुणांना संशोधनाची संधी मिळाली. पुढेही त्यांनी अशा कामातून स्वतःचा फायदा करून घेण्याचे नाकारले.

१९४० साली सरकारने भटनागर यांना औद्योगिक संशोधनाचे काम सांभाळण्यासाठी बोलावले. त्यांनी लाहोर सोडले आणि ते कलकत्त्याला गेले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिची सूत्रे भटनागर यांच्या हाती आली. १९४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले.

यानंतरची वर्षे मात्र दुःखाची होती. १९४६ साली पत्नी लाजवंती यांचे निधन झाले. भटनागर यांच्या उर्दू कवितांचा संग्रह ‘लाजवंती’ या नावानेच छापला गेला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण त्याची फाळणीही झाली. त्यांचे जन्मगाव भेरा, त्यांची शाळा, कॉलेजे आणि सोळा वर्षे घडवलेली प्रयोगशाळा हे सारे सरहद्दीच्या पलीकडे गेले. तेल आणि पाणी यांच्या सरहद्दीचा अभ्यास करणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातून अशी एक सरहद्द गेली. ते खचून बसले नाहीत. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या. त्यांनी त्या कामाला स्वतःला वाहून घेतले.

त्यांतली एक प्रयोगशाळा आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांनी बसवली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक कोण होते, ठाऊक आहे? ते होते जेम्स मॅकबेन, जगातील साबणाचे मोठे अभ्यासक. त्यांचा जन्म कॅनडात झाला होता. पाण्यात साबण पुरेसा झाला, की त्याचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून एकत्र गोळा होतात, असे त्यांनी १९१३ च्या सुमारास सांगितले. प्रथम पुष्कळांना ते पटले नाही. पुढे ते खरे ठरले. अमेरिकेत असताना त्यांनी एक अजब यंत्र बनवले. वेगाने धावणारे पाते द्रवाच्या पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर कापून घेई, जसे आपण दुधावरची साय काढतो. तो थर तपासून त्यांनी सिद्ध केले, की असे पदार्थ खालच्या द्रवापेक्षा पृष्ठभागावर जास्त दाटीने जमतात. साबणाच्या रेणूंची ही विद्या जाणणारा माणूस १९५२ पर्यंत पुण्यात संचालक होता.

भटनागर यांच्या हयातीत अशा बारा राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते साठ वर्षांचे होते. १९५७ साली त्यांच्या नावाने शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू झाला. आता तरुण शास्त्रज्ञांना दिला जाणारा विज्ञान युवा पुरस्कार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मित्रांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकतो. सरकीपासून तेल निघते. तेलापासून साबण होतो. लोहाऱ्याच्या कोणत्याही किराणा दुकानात साबणाची वडी मिळते आणि डिंकही मिळतो. म्हणजे भटनागर यांनी ज्या वस्तूंवर विचार केला, त्या तुमच्या हाताशी आहेत. उर्दूत शिकलो, आता शास्त्र कसे जमणार, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात येते. उर्दूत नाटक लिहिणाऱ्या या मुलाला शास्त्र जमले. त्याने दोन्ही गोष्टींना वेळ दिला आणि एकीसाठी दुसरी सोडली नाही. तुम्ही उर्दूत विचार करा, मराठीत वाचा, इंग्रजी शिका, पण प्रश्न विचारणे सोडू नका. बाटलीतली ती रेषा सगळ्यांना दिसते. तिच्याकडे थांबून पाहणारा एखादाच असतो. तो तुमच्यापैकी कोणीही होऊ शकतो.

स्वाध्याय

१. भटनागर यांना अमेरिकेला का जाता आले नाही? मग त्यांनी काय केले?
२. मिश्रण उलटले, हे विजेच्या साहाय्याने कसे ओळखता येते?
३. दीड लाख रुपयांचे भटनागर यांनी काय केले? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? पाच ओळींत लिहा.
४. या पाठातील ‘सरहद्द’, ‘साबण’ आणि ‘कारागीर’ हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
५. करून पाहा : ताटलीत पाणी घेऊन त्यावर मिरेपूड भुरभुरा. बोटाला साबण लावून पाण्याच्या मध्यभागी टेकवा. काय दिसले आणि ते का घडले, हे मराठीत लिहा.